गुलछडीमागचा काळा

आमच्या घरात काळ्या रंगाला बंदी होती. म्हणजे मी काळी साडी नेसू शकत होते, संक्रांतीला नेसतही होते. बंदी होती ती बाहेरच्या खोलीत, जिथे दर रविवारी सकाळी आठ ते अकरा जलरंगांचा वर्ग भरतो. तिथे दाराच्या आतल्या बाजूला पाटी होती: ‘काळ्या रंगाची ट्यूब वर्गात आणू नये. आणल्यास परत मिळणार नाही.’ अक्षर माझ्या यजमानांचं. त्यांचं नाव दिगंबर, पण बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यामुळे नारायण पेठेत त्यांना सगळे सर म्हणतात, दूधवालासुद्धा. शेवटी मीही सर म्हणायला लागले. निदान हाक मारली की ओ तरी देतात.

जप्त केलेल्या ट्यूबा एका बिस्किटांच्या डब्यात जमा होत. डबा स्वयंपाकघरात, माझ्या पापडांच्या डब्याशेजारी. पाहुण्यांना पापड तळायला म्हणून मी दोनदा चुकीचा डबा उघडलेला आहे.

वर्गाची दुसरी रीत पाटीवर लिहिलेली नव्हती, पण ती पाटीपेक्षा कडक होती. कुणाचंही चित्र सरांचा हात फिरल्याशिवाय घरी जात नसे. चित्र पुरं होत आलं की सर चष्मा कपाळावर चढवत, ‘जरा हात फिरवतो’ म्हणत आणि विद्यार्थ्याची कागद लावलेली फळी स्वतःकडे ओढून घेत. मग नदीत एखादी होडी यायची, झाडावर कावळा बसायचा. माझ्या मते निम्म्या चित्रांचं त्याने भलं झालं आणि निम्म्यांचं नाही, पण मला कुणी विचारत नव्हतं.

शकूताई आल्या त्या २००३ सालच्या जुलैतल्या एका रविवारी. पंचेचाळिशीची बाई, डोक्यावर पदर, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लांब दांड्याच्या पांढऱ्या फुलांचा जुडगा हातात. विश्रांतवाडीहून बसने मनपाच्या थांब्यापर्यंत आणि तिथून चालत आल्या होत्या. वर्गात बँकेतून निवृत्त झालेले श्यामराव आणि आणखी पाचसहा जण मान खाली घालून आंब्याचं पान रंगवत होते. सगळ्यांनी मान वर केली.

“मला एकच चित्र शिकायचंय,” शकूताई म्हणाल्या.

“इथे चित्रं सुटी मिळत नाहीत,” सर म्हणाले. “वर्षाचा अभ्यासक्रम असतो.”

“वर्ष न्हाई माझ्याकडं. दसऱ्यापत्तूर हाय.”

“कशाचं चित्र?”

“गुलछडीचं.” त्यांनी जुडगा पुढे केला.

“निशिगंध म्हणा.”

“मार्केट यार्डात निशिगंध म्हणलं तर कुणी वळून बघायचं न्हाई, सर.”

श्यामराव खाली बघून हसले. सरांना असली उत्तरं द्यायची सवय आहे, घ्यायची नाही. त्यांनी नुसतंच कोपऱ्यातल्या रिकाम्या सतरंजीकडे बोट दाखवलं. तो प्रवेश झाला असं मी धरलं आणि त्यांना आधी चहाला आत बोलावलं.

चहा पिताना सगळं कळलं. विश्रांतवाडीच्या पलीकडे त्यांची शेती होती. गाव महापालिकेत गेलं आणि शेतात इमारती उगवल्या. आता त्यांच्याच जमिनीवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला होता, दसऱ्याला तिथे राहायला जायचं होतं. मागे गुलछडीचा एक पट्टा तेवढा उरला होता. दिवाळी झाली की तोही मोकळा करून द्यायचा होता. शकूताईंचे यजमान संभाजीराव टेम्पो चालवत, त्यांना ह्याचं फारसं काही वाटत नव्हतं. शकूताईंनाही नव्हतं, असं त्या म्हणाल्या. तिसऱ्या मजल्यावर नळाला पाणी येतं, आणखी काय पाहिजे.

“पण आत्याबाई हायत,” त्या म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, मैनाबाई. गुलछडीचे पहिले कंद त्यांनीच लावलेले. पंचवीस वर्षं डोक्यावर फुलांची पाटी घेऊन त्यांनी फुलबाजार केला. आता वय अठ्ठ्याहत्तर, आणि काचबिंदूने नजर गेलेली. “साफ गेली न्हाई. ठळक आसंल त्ये दिसतं. फिकं कायबी दिसत न्हाई. डाक्टर म्हणलं, गेलं त्ये यायचं न्हाई, हाय त्ये जपा. मी फुलं नाकाजवळ नेली की म्हणत्यात, शके, फुलं गेली कुठं, नुसता वासच ठिवलाय व्हय?”

“मग नव्या घरात विकतची आणून ठेवा की रोज,” मी म्हटलं.

“गुलछडी इकायची आसती, इकत घ्यायची नसती, आसं म्हणत्यात त्या. इकतचं फूल घरात आणलं तर जेवायच्या न्हाईत. आपल्या पट्ट्यातली हाय तवर हाय. मग म्हणलं, पट्टा जायच्या आत एक छडी कागदावर काढून ठिवावी. त्यांच्या खाटंसमोर लावावी. त्यांना दिसंल आशी.”

इतकं बोलून त्यांनी कप विसळून उपडा ठेवला. मी त्याच वेळी ठरवलं की ह्या बाईला सरांनी नीट शिकवलं नाही तर सोमवारपासून सरांना चहा मिळणार नाही. दसऱ्याला मोजून बारा रविवार होते.

हात चांगला होता त्यांचा. रांगोळीने तयार झालेला, उभ्या रेषेला जराही न थरथरणारा. तीन रविवारांत त्यांनी गुलछडी उतरवली. सरांच्या पद्धतीने, म्हणजे पाकळ्यांना अगदी पुसट निळसर सावल्या, मागे हिरव्याची नुसती झाक आणि बाकी सगळा कागदाचा पांढरा. “जलरंगात पांढरा रंग नसतो,” सर सगळ्यांना सांगत होते. “कागदाचा पांढरा तोच फुलाचा पांढरा. तो राखायचा. त्याच्यामागे गर्दी करायची नाही.” मग त्यांनी जरा हात फिरवला, देठापाशी एक पाण्याचा थेंब काढला, आणि चित्र विश्रांतवाडीला गेलं.

पुढच्या रविवारी शकूताई चित्र घेऊन परत आल्या.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“आत्याबाईंच्या समोर लावलं. त्या म्हणल्या, कोरा कागद कशाला लावलाय भिताडाला?”

वर्ग हसला. शकूताईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “सर, मागं काळं पायजे.”

श्यामरावांनी पाटीकडे पाहिलं.

“जलरंगात मागे काळं करत नाहीत,” सर म्हणाले. “सगळं चित्र मरतं.”

“का मरतं?”

“करत नाहीत म्हणून.”

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती, त्यामुळे सरांच्या बोलण्याचा अर्थ मला शब्दकोश न उघडता लागतो. ‘करत नाहीत म्हणून’ ह्याचा अर्थ ‘मला जमत नाही’. माझं डोकं फिरलं. एक बाई सासूसाठी बसने आणि पायी इतक्या लांबून येते, आणि हे आपली जुनी लाज तत्त्व म्हणून तिच्या गळ्यात बांधतात. मी कणकेचे हात धुतले, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून धुळीने माखलेली एक फळी खाली काढली. ती तशीच नेऊन वर्गाच्या मधोमध ठेवली.

तिच्यावरचं चित्र १९७४ सालचं होतं. पांढरी शेवंती आणि मागे काळं. फुलं अशी की हात लावावासा वाटावा. मागचं काळं मात्र कुठे दाट, कुठे राखाडी, मध्येच डाग, मध्येच ओरखडे.

“हे कुणी काढलं?” श्यामरावांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “मी,” ते म्हणाले. “स्पर्धेला पाठवलं होतं. परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले, फुलं उत्तम आहेत, मागे चूल पेटवली होती का?”

ह्यावेळी कुणी हसलं नाही. शकूताई उठून चित्राजवळ गेल्या, उकिडव्या बसल्या आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवत राहिल्या.

“फुलं लई झ्याक हायती,” त्या म्हणाल्या.

“मागचं तेवढं वाईट आहे. बोला.”

“वाईट न्हाई, सर. भ्यालेलं हाय. थोडं लावलंय, थांबलंय, परत लावलंय.”

सर पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात फार निवांत वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “तो ट्यूबांचा डबा कुठे आहे?” मी पापडांचा दिला. मग दुसरा दिला.

जप्त केलेला काळा लावून पाहिला तर मागचा भाग तव्याच्या बुडासारखा झाला. सपाट, निर्जीव. फूल त्याच्यावर कापून चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. सरांनी डबा बंद केला. त्यांना जणू आपण बरोबर ठरल्याचाही आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

पाचव्या रविवारी शकूताईंनी पिशवीतून घोंगडीचा एक तुकडा काढला. “आत्याबाई पाटीत ओली घोंगडी हातरायच्या. तिच्यावर गुलछडी,” त्या म्हणाल्या. “फुलं ताजी ऱ्हायची आन गिऱ्हाइकाला पांढरीधोप दिसायची. शेजारणीची फुलंबी तसलीच, पर ती गोणपाटावर मांडायची. पिवळी दिसायची बिचारी.” त्यांनी तो तुकडा सरांच्या ब्रश धुवायच्या भांड्यात बुडवला, पिळला आणि फळीवर पसरून त्याच्यावर एक छडी ठेवली.

मी दारातून पाहत होते. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, तरी मला ते फूल त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

सरांनी फुलाकडे पाहिलंच नाही. ते घोंगडीवर वाकले होते, नाक टेकेल इतके. “हा काळा नाही,” ते म्हणाले. “हा तपकिरी आहे. आणि वर ओला झाल्यावर निळा आहे.” मग ते स्वतःशीच हसले. “वासंती, एक वाटी दे.”

आमटीची वाटी गेली ती गेलीच. तीत बर्न्ट अंबर आणि प्रशियन ब्लू असे दोन रंग दाट कालवले. जळक्या मातीसारखा तपकिरी आणि शाईसारखा निळा, दोन्ही एकमेकांत शिरले आणि त्यातून जो काळा निघाला त्याला खोली होती. सरांनी उठून पाटीवरची दुसरी ओळ पुसली आणि खडूने नवी लिहिली. आता पाटी अशी झाली: ‘काळ्या रंगाची ट्यूब वर्गात आणू नये. काळा इथे करून मिळेल.’

करून मिळाला, पण लावता येईना. पहिल्या वेळी अर्ध्यावर वाटीतला रंग संपला. पुन्हा कालवेपर्यंत कडा वाळली आणि कागदावर बांध घातल्यासारखी रेघ उमटली. दुसऱ्या वेळी शकूताईंना एक जागा फिकी वाटली, त्यांनी अर्धवट वाळलेल्यावर ओला ब्रश टेकवला आणि पाणी पसरत पसरत त्याला झालर फुटली. “ह्यो तर फ्लॉवरचा गड्डा झाला,” त्या म्हणाल्या. तिसऱ्या वेळी सगळं छान, ओलं असताना मिट्ट काळं. वाळल्यावर पाहिलं तर धुऊन धुऊन विटलेल्या छत्रीचा रंग.

“वाळला की रंग उतरतो,” सर म्हणाले. “ओला असताना आपल्याला भीती वाटली पाहिजे इतका गडद लावायचा. आणि एकदा लावला की हात मागे.” हे वाक्य त्यांनी शकूताईंना सांगितलं की १९७४ सालच्या दिगंबरला, कुणास ठाऊक.

कारण आता तेही काढत होते. इतकी वर्षं सर दुसऱ्यांच्या चित्रांवर हात फिरवत आले. स्वतःचा कोरा कागद त्यांनी कधी घेतला होता ते मला आठवतही नाही. आता शकूताईंच्या शेजारी सतरंजीवर बसून ते आपली फळी घेऊन लढत होते. एकाचा गड्डा झाला की दुसऱ्याला बरं वाटायचं. मधल्या दिवसांतही त्यांना चैन पडेना. घरातली प्रत्येक पांढरी वस्तू काळ्यावर चढली. लसूण झाला, अंडी झाली, शंकराच्या पिंडीवरची चाफ्याची फुलं झाली. एका सकाळी उठून पाहते तर माझी कवळी. मी चिडले, पण लसणाचं चित्र इतकं सुंदर झालं होतं की ते मी देवघराशेजारी लावलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस अंघोळ करताना गुणगुणायला लागला होता. मी त्या काळात फार सुखात होते, हे सांगून टाकलेलं बरं.

अकराव्या रविवारी ते झालं. शकूताईंनी पाकळ्यांच्या बाहेरचा कागद तेवढा ओला केला, पाकळ्या कोरड्या ठेवून. वाटी काठोकाठ भरलेली. फळी जरा तिरकी. मग वरून सुरुवात करून त्या काळा खाली आणत गेल्या. प्रत्येक कळीला वळसा, प्रत्येक पाकळीला वळसा, कुठे थांबणं नाही, मागे जाणं नाही. शेवटच्या देठाखालून ब्रश बाहेर आला तेव्हा त्यांनी तो ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, पुन्हा लावायचा मोह नको म्हणून. काळ्या कागदातून एक पांढरी छडी उभी होती. कुणीही तिला पांढरा रंग लावला नव्हता. तो कागदच होता.

वाळून पुढच्या रविवारी पाहिलं तरी काळा काळाच होता. देठाला थोडी सावली द्यायची राहिली होती, ती दिली. श्यामरावांनी पेढे आणले होते. आणि सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“जरा हात फिरवतो,” ते म्हणाले.

सवयच ती. त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं आणि अगदी शेंड्यावरच्या मिटलेल्या कळीभोवतालचा काळा हलकेच खरवडला. खालून कागदाचा पांढरा निघाला. चार पाकळ्या बाहेर वळल्या. “शेंडा फार बंद वाटत होता,” सर म्हणाले. “आता बघा, चित्र मोकळं झालं.” सगळ्यांनी वा म्हटलं, मीही म्हटलं. शकूताई नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग “बरं, सर” म्हणून त्यांनी सरांच्या पायांना हात लावला. मला वाटलं, बाईंना भरून आलंय.

दसऱ्याला आम्ही दोघं रिक्षाने विश्रांतवाडीला गेलो. सरांच्या खांद्याला नेहमीची शबनम पिशवी होती, तिच्यात रंगांची पेटी. हा माणूस लग्नकार्यालासुद्धा ती बरोबर नेतो. तिसऱ्या मजल्याच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, आत नव्या डिस्टेंपरचा वास होता. आणि त्या वासातून, गॅलरीतल्या बादलीतून, गुलछडीचा. गॅलरीतून वाकून पाहिलं की खाली तो पट्टा दिसत होता, दोन इमारतींच्या मधे, पांढरा ठिपका ठिपका.

संभाजीरावांनी आम्हाला बसवलं. मैनाबाई खाटेवर होत्या, हिरवं नऊवारी लुगडं, पाय खाली सोडलेले. समोरच्या भिंतीवर चित्र होतं आणि त्याच्यावर टॉवेल टाकलेला होता. शकूताईंनी चित्राला काच लावू दिली नव्हती, काच चमकते म्हणून. आणि अजून सासूला दाखवलंही नव्हतं. “सर आल्याबिगर न्हाई म्हणली,” संभाजीराव म्हणाले. “आठ दिस म्हातारी टावेलच बघतीया.”

शकूताईंनी टॉवेल काढला.

मैनाबाईंनी मान एका अंगाला कलती केली, मग दुसऱ्या अंगाला. उरलेल्या नजरेने त्या भिंतीवर शोधत होत्या. फार वेळ गेला. पुन्हा कोरा कागद म्हणाल्या तर काय, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. शकूताईंच्या हातातल्या टॉवेलला पीळ पडत होता.

मैनाबाई उठल्या. संभाजीरावांनी हात धरला, तो त्यांनी सोडवला आणि भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बोट पुढे केलं, कागदाला न लावता.

“गुलछडी,” त्या म्हणाल्या.

शकूताई होत्या तिथेच फरशीवर बसल्या. मी रडले, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे नाक शिंकरत. सर खिडकीकडे बघायला लागले.

मैनाबाईंचं बोट खालून वर चाललं होतं. “येक उमललंय. दोन. तीन. चार. ह्ये अर्धं. ही कळी. ही कळी. ही बी कळी.” बोट शेंड्याशी पोचलं आणि थांबलं. त्यांनी मान कलती केली, नाक जवळ नेलं.

“ह्ये वरचं कुणी उमलवलं?”

सर खिडकीकडून वळले.

“म्हणजे काय, आजी?” सरांनी विचारलं.

“गुलछडी खालनं उमलती, मास्तर. खालची आज, तिच्या वरची उद्या, तिच्या वरची परवा. शेंडा समद्यात शेवटाला. हितं मधल्या कळ्या मिटल्याल्या आन शेंड्याचं फूल तोंड उघडून बसलंय. आसली छडी मी पंचवीस वर्सांत पाह्यली न्हाई. बाजारात कुणी हातात धरली नसती.”

“आये, गप की,” संभाजीराव म्हणाले. “पाव्हणं हायत.”

मी शकूताईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे पाहत होत्या. तेव्हा मला त्यांचं ते ‘बरं, सर’ कळलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मी उमलवलं,” ते म्हणाले. “गुलछडी कशी उमलते ते मला माहीत नव्हतं. माझं चुकलं.”

एकोणचाळीस वर्षं. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द ह्या तोंडून ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते, आणि ते अखेर विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर निघाले. निशिगंध म्हणायलासुद्धा ते विसरले. मला सगळ्या इमारतीत पेढे वाटावेसे वाटले.

“तुम्हाला दिसलं होतं?” सरांनी शकूताईंना विचारलं.

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

“सरांचा हात फिरला हुता की.”

सरांनी शबनम पिशवीतून पेटी काढली आणि म्हणाले, “संभाजीराव, एक वाटी मिळेल? आणि थोडं पाणी.” वाटी आली, नवी कोरी, गृहप्रवेशाची. फरशीवर मांडी घालून त्यांनी तपकिरी आणि निळा कालवायला घेतला. खूप वेळ कालवला. काळा तयार झाला तसा बारीक ब्रश त्यात बुडवला, वाटीच्या काठाला निथळला आणि दांड्याच्या बाजूने शकूताईंपुढे धरला.

“तुम्ही करा,” सर म्हणाले. “माझा हात नको.”

शकूताईंनी चित्र भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलं. मैनाबाई पुन्हा खाटेवर बसल्या आणि तिथून वाकल्या. खरवडलेला कागद रंग पटकन पीत होता. एक पाकळी झाकली, दुसरी झाकली.

“डाव्या अंगाची आजून दिसती,” मैनाबाई म्हणाल्या. “हां. आजून जरा. आता तिच्या खालचं टोक. बास.”

कोरा कागद म्हणणारी म्हातारी पाकळीचं टोक सांगत होती. शकूताई ब्रश चालवत होत्या आणि हसत होत्या, डोळ्यांतलं पाणी चित्रावर पडू नये म्हणून मान मागे घेऊन. सर वाटी धरून बसले होते, वर्गातल्या नव्या मुलासारखे, पुढचा थेंब मागितला की पुढे करायला तयार.

चित्र पुन्हा भिंतीवर चढलं. मैनाबाईंनी पुन्हा भिंतीपाशी जाऊन बोट खालून वर नेलं, शेंड्यापर्यंत, आणि तिथे थोडा वेळ ठेवलं.

“मिटली,” त्या म्हणाल्या. “आता बराबर. ही उद्या उमलंल.”

मग शकूताईंनी हात धुतले आणि पानं वाढायला घेतली.